ऊन, गारठा आणि बरळणारा माणूस



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही त्यांस म्हणालो की उष्माघातावर बोलावयाचे तर एखादा डॉक्टर आणा. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते कारखान्यांच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि रद्दीच्या दुकानांत झाले. त्यावर चिटणीसांनी उलट प्रश्न केला, "डॉक्टर येईपर्यंतचा अर्धा तास तिथे कोण असतं?" त्या अर्ध्या तासात तिथे तुम्ही-आम्हीच असतो. म्हणून आज आम्ही उभे आहोत.

आरंभीच एक कबुली देतो. २००९ सालचा मे महिना होता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते आणि कोळगावला जिल्ह्याचे मुख्यालय होईल असे कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. त्याचे नाव घेत नाही. उत्तरेकडून आलेला एक तरुण तिथे कंत्राटदाराकडे लागला होता. कामाचा दुसरा दिवस. रंगाची भुकटी वाळविण्याच्या खात्यात पोती भरून रचायची. शेजारी गरम हवेचा ड्रायर, डोक्यावर पत्रा. दुपारी चारच्या सुमारास तो मुकादमाशी विनाकारण भांडला. मग भलत्याच माणसाला भलत्याच नावाने हाका मारू लागला आणि चालताना झोकांड्या खाऊ लागला. साऱ्या खात्याने एकच निदान केले, की हा पिऊन आला आहे.

आम्ही त्या दिवशी दुसऱ्याच एका तक्रारीसाठी गेटवर होतो. मुकादमाने आम्हांस आत नेले. आम्ही त्याच्याकडे पाहिले आणि म्हणालो, "झोपू द्या त्याला. उतरली की उठेल." हे वाक्य आमचे, दुसऱ्या कोणाचे नव्हे. त्याचे अंग घामाने निथळत होते. ऊन लागलेल्याचे अंग कोरडे ठणठणीत असते असे आम्ही ऐकून होतो, त्यामुळे ती शंकाही आली नाही. त्यास भिंतीच्या सावलीत निजविले. पाऊण तासाने त्यास आचके येऊ लागले. मग जीप शोधणे, चालक शोधणे, फाटकावर नोंद करणे. इस्पितळात थर्मामीटर लावला तेव्हा पारा काचेच्या वरच्या टोकास, १०८ अंश फॅरनहाइटच्या रेषेस जाऊन थांबला होता, कारण त्याच्या पुढे रेषाच नव्हती. रात्री तो गेला. शवचिकित्सेत दारूचा अंश सापडला नाही.

पुढे भरपाईच्या वेळी "प्यालेला होता" हेच पालुपद निघाले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात नशेची सबब मालकास होती, परंतु मृत्यू झाला असता ती चालत नसे. त्यामुळे पैसे मिळाले. त्या बिचाऱ्याचे नाव मात्र त्या खात्यात बरेच दिवस "तो दारूडा" असेच राहिले, आणि त्यात आमच्या वाक्याचा वाटा होता.

त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, डॉक्टरांच्या मागे लागून विचारू लागलो. त्यातून जे हाती लागले ते सांगतो.

माणसाचे अंग ही एक भट्टीच आहे. काही न करता बसलेला माणूसही शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकीत असतो. पोती उचलणारा त्याच्या तिपटी-चौपटीने. ही उष्णता बाहेर गेली नाही तर अंगात साठते. हवा अंगापेक्षा थंड असते तोवर काही उष्णता आपोआप निघून जाते. हवाही अंगाइतकीच तापली की एकच दार उघडे राहते, ते घामाचे.

येथे थोडा हिशेब करू. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर किलो वजनाचे अंग एक अंश सेल्सिअसने तापावयास सुमारे ५८ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे लिटरभर घाम नीट वाळला तर दहा अंशांची वाढ टळते! एवढे सामर्थ्याचे यंत्र निसर्गाने कातडीखाली बसविले आहे. पण त्यात "वाळला तर" ही अट आहे. जो घाम टपटप खाली पडतो, तो अंगातले पाणी आणि मीठ नेतो. उष्णता मात्र तिथेच ठेवून जातो.

नागपूरच्या माठातले पाणी मे महिन्यात कसे बर्फासारखे गार होते आणि सातपाटीच्या माठातले नुसते बरे लागते, हे ज्यांनी दोन्ही ठिकाणी पाणी प्याले आहे त्यांस ठाऊक आहे. कुंभाराचा त्यात दोष नाही. आपल्या किनाऱ्याची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती माठाचा पाझर घेत नाही. माठाची जी गत, तीच आपल्या कातडीची. म्हणून विदर्भातला ४४ अंशांचा आकडा वाचून "आपल्याकडे काय, ३६च!" असे जे म्हणतात, ते निम्मेच मोजतात. हवामान खात्यानेही हा भेद मानला आहे. मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट ठरविताना कमाल तापमान निदान ४० अंश धरतात. किनाऱ्यावर ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांची वाढ एवढे पुरते. शिवाय वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, वाऱ्याच्या झुळकीत असतो. पत्र्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे तापमान तो सांगत नाही.

१६ एप्रिल २०२३ चा दिवस आपण विसरला नसाल. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसे श्रद्धेने आली होती आणि भर उन्हात तासन् तास बसली होती. त्या दिवशी त्या भागातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते, म्हणजे छाती दडपावी असा आकडा नव्हे. तरी उष्माघाताने चौदा माणसे मृत्यू पावली. कोणी पोती उचलीत नव्हते, कोणी भट्टीशी नव्हते. बसलेलीच माणसे होती. डोक्यावर ऊन, हवेत दमटपणा, दाटीमुळे वारा नाही आणि वेळ लांबलेला, एवढ्यावर काम झाले. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असे सरकारने ठरविले. आमची ही व्याख्यानमाला संध्याकाळी सहाला भरते, हे चालकांचे शहाणपण होय.

आपल्याच रेल्वेमार्गावरचे पुढचे उदाहरण अहमदाबादचे. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढे अभ्यासकांनी मोजून काढले. त्यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर "उष्माघात" हा शब्द नसणार. हृदय थांबले, म्हातारपण, ताप असेच काही असणार. त्या शहराने २०१३ साली उष्णतेसाठी स्वतंत्र योजना केली. आधी मोजले, मग मानले, मग केले.

आता ओळखावयाचे कसे? उन्हाच्या त्रासाच्या पायऱ्या असतात. पोटऱ्यांत वा पोटात गोळे येतात, ही पहिली. मग डोके दुखते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कातडी गार व चिकट लागते. माणूस थकलेला असतो, पण शुद्धीवर असतो, विचारलेल्याचे नीट उत्तर देतो. इथवर सावली, सैल कपडे, ओले फडके, पंखा आणि मीठ-साखरेचे पाणी यांनी काम भागते. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर डॉक्टर गाठावा. तिसरी पायरी मात्र निराळ्याच जातीची आहे. अंगाचा ताप ४० अंशांवर, म्हणजे १०४ फॅरनहाइटवर जातो आणि मेंदू बिघडू लागतो. माणूस बरळतो, चिडतो, मारावयास धावतो, झोकांड्या खातो, आचके देतो, बेशुद्ध पडतो. हाच उष्माघात. घरात पडून असलेल्या वृद्धाचे अंग अशा वेळी बहुधा कोरडे असते. परंतु कष्ट करता करता पडलेल्या तरुणाचे अंग घामाने चिंब असू शकते. कोरडे की ओले हे पाहत बसू नये. उकाड्यात ज्याचे बोलणे बिघडले, तो उष्माघाताचा रोगी, असे धरून चालावे. खरेच प्यालेला निघाला तरी गार पाण्याने त्याचे काही वाईट होणार नाही. उलट चूक झाली तर काय होते ते आम्ही सांगितले आहे.

परीक्षा सोपी आहे. नाव काय, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे तीन प्रश्न विचारावे. मात्र ते त्याच्या भाषेत विचारावे. आमच्या वसाहतीत ओडिया, भोजपुरी, बंगाली बोलणारी पोरे काम करतात. मुकादमास त्यांचे शहाणपणाचे बोलणेही कळत नाही, तर बरळणे कोठून कळणार? म्हणून प्रत्येक पाळीत त्याच मुलुखाचा एक जोडीदार जवळ असावा, अशी मागणी आम्ही करीत आलो. ती वेतनवाढीइतकी गाजत नाही, हे खरे.

उपाय एकच, आणि तो तिथल्या तिथे करावयाचा: आधी गार करा, मग हलवा. एकाने १०८ला फोन करावा; ही रुग्णवाहिका-सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गाडी येईपर्यंत बाकीच्यांनी पाणी मारावे. गाडीची वाट पाहत रोग्यास नुसते सावलीत निजवून ठेवणे म्हणजे घर जळत असता बंबाची वाट पाहत विहिरीपाशी बसणे होय. तापलेला मेंदू मिनिटामिनिटाने नासतो. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरला तर बहुतेक वाचतात.

बर्फाचे पाणी एकदम घालू नये, धक्का बसतो, अशी एक समजूत आहे. अमेरिकेत फालमथ गावी दर ऑगस्टात धावण्याची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत २७४ धावपटू उष्माघाताने पडले. त्यांस तिथेच बर्फाच्या पाण्याच्या टबांत बुडविले, आणि २७४ पैकी एकही दगावला नाही. आमच्याकडे टब नाही, परंतु ताडपत्री आहे! चौघांनी ताडपत्रीची चार टोके उचलून झोळी करावी, मध्ये रोग्यास कपडे सैल करून ठेवावे, दोन-तीन पिंपे पाणी ओतावे आणि झोळी हलवीत राहावे. एकाने त्याचे डोके वर धरावे आणि तोंडाकडे लक्ष ठेवावे. बर्फ मिळाला तर उत्तमच. मासळीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांस बर्फ कोठे मिळेल हे आम्ही सांगावयास नको. ताडपत्री नसेल तर नळी लावावी, तीही नसेल तर सर्वांगास ओली चादर गुंडाळून जोराने वारा घालावा व चादर पुनःपुन्हा भिजवावी. घरच्या वृद्धांस ही ओल्या चादरीची रीतच बरी. रोगी नीट बोलू लागला, कुडकुडू लागला किंवा थर्मामीटर ३९ दाखवू लागला की थांबावे.

न करावयाच्या गोष्टीही आहेत. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी देऊ नये. हा ताप रोगजंतूंचा नव्हे, गोळीला तो जुमानत नाही आणि त्या अवस्थेत यकृत-मूत्रपिंडांवर भार मात्र पडतो. आचके येत असता चप्पल हुंगविणारे महाभाग अजून भेटतात, त्यांस बाजूस सारावे. तळव्यांस कांदा चोळण्यात जो वेळ जातो तो पाण्याच्या बादलीस द्यावा. कांदा जेवणात खावा, कोशिंबिरीत फार चांगला लागतो.

आमच्या आजीचे पन्हे मात्र आम्ही खाली पडू देणार नाही. कैरी, गूळ, मीठ यांत शास्त्र आहे. घामाबरोबर मीठ जाते, आणि वर नुसते पाणीच पाणी प्याले तर रक्तातले मीठ आणखी पातळ होते. पेटके येतात, फार झाले तर माणूस तिथेही बरळू लागतो. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या हजारो रोग्यांस मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून वाचविले. शिरेतून द्यावयाचे द्रव्य संपत आले होते. त्याच जातीची पुडी आज ओआरएस म्हणून मिळते. एक पुडी एक लिटरात, अर्ध्या पेल्यात नव्हे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, कोकम, नारळपाणी, सर्व चालते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाचे डॉक्टरांस विचारावे. आणि लघवी होण्याच्या गोळ्या घेणारे जे आजी-आजोबा वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहतात, त्यांच्याकडे मे महिन्यात दिवसातून दोनदा कोणी डोकावले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरे तर हे भाषण स्वीकारले, तिच्याकडे येतो. तो तरुण दुसऱ्याच दिवशी का पडला? शेजारी वीस वर्षे काम करणारे का पडले नाहीत? अंगाला उकाड्याची सवय लावावी लागते. सात ते चौदा दिवस रोज थोडेथोडे तापले की घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, त्यातले मीठ कमी होते, नाडी कमी धडधडते. तालमीशिवाय कोणी फडात उतरत नाही, त्यातलाच हा प्रकार. आठ-दहा दिवस गावी राहून आले की ही कमाई पुन्हा ओसरते. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने हिशेब घालून दिला आहे: नव्या माणसास पहिल्या दिवशी उकाड्याचे काम एकपंचमांश, मग रोज एकपंचमांश वाढ, सुट्टीवरून परतलेल्या जुन्यास पहिल्या दिवशी निम्मे, मग तीनपंचमांश, मग चारपंचमांश, चौथ्या दिवशी पूर्ण. उघड्यावर काम करताना उष्णतेने जे मरतात, त्यातले निम्म्याहून अधिक पहिल्या काही दिवसांतच मरतात, असे त्यांस आढळले.

आमच्याकडे नेमके उलटे चालते. होळीस गावी गेलेली माणसे लग्ने उरकून एप्रिल-मेमध्ये परततात. गाडीत दोन रात्री जागरण, उतरल्याबरोबर बारा तासांची पाळी, कारण जागा दुसऱ्याने घेतली तर काय, ही धास्ती. नवा म्हणून सर्वांत गरम जागी त्यासच उभा करतात. जुने थोडे वाऱ्याकडे सरकतात. हे मालकच करतात असे नाही. आमचे सभासदही करतात, आणि आम्ही त्यांस तसे तोंडावर सांगितले आहे. रात्री खोलीत सात-आठ जण, पत्रा मध्यरात्रीपर्यंत तापलेला. अंग निवण्यापूर्वीच सकाळची शिट्टी होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाणी द्यावे असे कलम होते. गार पाण्याचे यंत्र बहुतेक ठिकाणी आले. पण ते कॅन्टीनपाशी. आणि ड्रायरपासून कॅन्टीनपर्यंत जाऊन यावयास दहा मिनिटे लागत असतील, तर मुकादमाच्या डोळ्यांसमोर माणूस कितीदा जाईल? आमची मागणी यंत्राची नव्हती, अंतराची होती.

गारठ्याविषयी थोडक्यात. आपल्या भागात बर्फ पडत नाही, म्हणून गारठा मारीत नाही असे समजू नये. बर्फाच्या कारखान्यात, शीतगृहात, पावसाळ्यात बोटीवरून पडलेल्या खलाशास, जव्हार-मोखाड्याकडे पौषात उघड्यावर निजलेल्यास तो गाठतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढते. त्यामुळे ओला माणूस बऱ्या हवेतही गारठतो. अंगाचे तापमान ३५च्या खाली गेले की माणूस अडखळतो, वस्तू हातातून पाडतो, आणि पुन्हा बरळतो. लोक म्हणतात, प्याला! कधी तो खरेच प्यालेला असतो. दारूने कातडीकडे रक्त धावते, वरून ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. म्हणून गारठलेल्यास घोटभर देणे हा उपचार नव्हे. ओले कपडे काढावे, कोरड्यात गुंडाळावे, डोके झाकावे, आडवा ठेवावा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, शेकोटीस चिकटवू नये, आदळआपट करू नये. गारठलेले हृदय धक्क्याने बिघडते. नाडी अगदी मंद असते, तेव्हा मेला असे म्हणण्यापूर्वी पुरते मिनिटभर तपासावी.

गारठ्याचा सर्वांत लहान बळी म्हणजे नवजात मूल. कमी वजनाचे मूल तर मे महिन्यातही पंख्याखाली गारठते. त्यास लगेच आंघोळ घालू नये. उघडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून पांघरूण घ्यावे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या तेव्हा डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. आज जगभर तिला कांगारू पद्धत म्हणतात. खेड्यातल्या पाड्यावरही यासाठी काही विकत आणावे लागत नाही.

बोलणे बरेच लांबले. आता मांडवाबाहेर एक ताडपत्री आणि पाण्याची तीन पिंपे ठेवविली आहेत. झोळी कशी धरावी ते दाखवितो. टोके धरावयास चार जण हवेत, डोके धरावयास एक, आणि आत निजावयास सत्तर-एक किलोचा कोणी गृहस्थ. त्याने घड्याळ आणि खिशातले पैसे काढून ठेवावेत.